पुठ्ठ्याचे चिलखत

वेश घेण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. हातातील काठी ही तलवार आहे असे मानणाऱ्या लहान मुलाला ते कोणी शिकविलेले नसते. घरापुढचे अंगण त्याला रणांगण वाटते आणि डोक्यावर पालथे घातलेले पातेले हे त्याचे शिरस्त्राण होते. वय वाढते तसतशी ही हौस पुष्कळांच्या मनातून ओसरते. काहींच्या मनात मात्र ती निराळे रूप घेते. आपण मानलेली तलवार पाहणाऱ्यालाही तलवारच वाटली पाहिजे, अशी ओढ त्यांना लागते. ही ओढ लागली की कल्पनेला हातांची मदत घ्यावी लागते. पुराणातील वीर, बखरीतील सरदार, परीकथेतील राक्षस किंवा दूरच्या ताऱ्यावरचा योद्धा यांची चिलखते, ढाली, मुकुट आणि शस्त्रे हलक्या व स्वस्त वस्तूंपासून घरच्या घरी तयार करणे, ही एक स्वतंत्र कारागिरीच आहे. या कारागिरीची ओळख करून घेण्यासारखी आहे. कारण तिच्यात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, चित्रकला आहे आणि इतिहासही आहे.

आपल्या देशाला ही कला नवी नाही. इ. स. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर मुकुट, गदा आणि धनुष्ये यांचा संसार सुरू झाला. कोकणातील दशावतारी मंडळींच्या पेटाऱ्यांत तर तो त्याहूनही आधीपासून होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा या भागांत बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगे निघतात; त्यांचे मोठमोठे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून केलेले असतात. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात चडिदा नावाचे गाव आहे. तेथील कारागीर छाउ नृत्याचे मुखवटे करतात. मातीच्या साच्यावर राख भुरभुरून ते त्यावर खळीत भिजविलेल्या कागदाचे थर चढवितात. राखेमुळे कागद साच्याला चिकटत नाही व मुखवटा अलगद सुटून येतो.

परदेशांतही या हौसेला मोठा बहर आला आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे वैज्ञानिक कथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्या वेळी फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे वाचक भविष्यकाळातील माणसांचा वेश करून आले. ते दोन्ही वेश मर्टल यांनीच शिवले होते. पुढे अशा संमेलनांत कथेतील पात्रांचे वेश घेऊन जाण्याची प्रथा रूढ झाली. जपानमध्ये १९८० नंतरच्या दशकात तिला ‘कॉस्प्ले’ हे नाव मिळाले आणि आज मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील तरुणांच्याही तोंडी ते आहे. २००१ ते २००३ या वर्षांत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील तीन चित्रपट आले. त्यांतील योद्ध्यांची कड्यांची चिलखते लोखंडाची नव्हती. न्यूझीलंडमधील वेटा या कार्यशाळेत प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून, त्या एकमेकींत हाताने गुंफून ती तयार केली होती. अशा सुमारे सव्वा कोटी कड्या गुंफल्या गेल्या. पडद्यावर मात्र पाहणाऱ्याला त्यांत लोखंडच दिसले.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. खोट्या चिलखतासाठी एवढे कष्ट कशासाठी घ्यावयाचे? याचे उत्तर शाळेच्या स्नेहसंमेलनातच मिळू शकते. ऐतिहासिक नाटक ठरले की पोशाख भाड्याने आणले जातात. ते बहुधा मोठ्या माणसांच्या मापाचे असतात. बारा वर्षांचा मुलगा महिनाभर पाठ केलेले भाषण आवेशाने म्हणू लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी शिरस्त्राण घसरून त्याच्या नाकावर येते. प्रेक्षक हसतात. त्या हसण्यात दुष्टावा नसतो. पण त्या मुलाचे एक महिन्याचे श्रम त्यात बुडून जातात. ज्या मुलांच्या शाळेला भाडे परवडत नाही, त्यांच्या वाट्याला तर राजाची भूमिका असूनही राजाचा वेश येत नाही. आपल्या अंगाच्या मापाचे चिलखत आपल्या हातांनी करता आले, तर या दोन्ही अडचणी दूर होतात. म्हणून ही विद्या निव्वळ करमणुकीची नव्हे.

नक्कल करावयाची असेल तर आधी अस्सल वस्तूचा अभ्यास केला पाहिजे. खरे चिलखत कसे असे? लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेले चिलखत कापडासारखे अंगावर पडते व शरीराबरोबर वळते. युरोपात पंधराव्या शतकात सर्वांग झाकणारी पोलादी पत्र्यांची चिलखते होती. त्यांचे वजन साधारणतः २० ते २५ किलोग्रॅम भरे. एवढे ओझे घेऊन योद्धा हालत तरी कसा असेल, असे आपल्याला वाटते. परंतु ते ओझे एका खांद्यावर नसून सर्व शरीरावर विभागलेले असे; आणि कोपर, गुडघा, खांदा अशा सांध्यांवर एक सलग पत्रा न बसविता, माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक सरकणाऱ्या अरुंद पट्ट्या बसविलेल्या असत. त्यामुळे असे चिलखत घालून घोड्यावर चढता येई. आपणांस यातून पहिला नियम मिळतो: जेथे शरीर वळते, तेथे चिलखतही वळले पाहिजे.

आपल्याकडील ढालीचेही उदाहरण पाहण्यासारखे आहे. जुन्या गोल ढालीवर चार फुगीर फुले बसविलेली दिसतात. ती केवळ शोभेची आहेत असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ढालीच्या आतील बाजूस मुठीच्या दोऱ्या बांधण्यासाठी कड्या असतात आणि त्या कड्यांचे खिळे बाहेरच्या बाजूने या फुलांखाली दडलेले असतात. जी फुले शोभेची म्हणून चिकटवावयाची, त्यांचे मूळ काम काय हे ठाऊक असले म्हणजे ती योग्य जागी बसतात. न समजता केलेली नक्कल डोळ्यांना कोठेतरी खटकते. काय चुकले ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण चुकले आहे हे त्याला जाणवते.

यानंतर मापाचा विचार. शिंपी कापड बेततो त्याप्रमाणे चिलखतही आधी कागदावर बेतावे लागते. यासाठी एक सोपी युक्ती आहे. जुना सदरा अंगात घालावा, त्यावर वर्तमानपत्राचे कागद गुंडाळून चिकटपट्टीने घट्ट बसवावेत, आणि छाती, पाठ, खांदे यांच्या रेषा त्यावर पेन्सिलीने आखाव्यात. मग दुसऱ्याकडून ते कवच बाजूंनी जपून कापवून घ्यावे. ते जमिनीवर पसरले म्हणजे आपल्या शरीराचा नकाशाच आपल्यापुढे येतो. मात्र पसरताना एक गोष्ट ध्यानात येईल. हातावरचा भाग सहज सपाट होतो, पण खांद्यावरचा भाग सपाट होण्यास तयार नसतो. तो कोठे फाटतो, कोठे चुरगळतो.

याचे कारण भूमितीत आहे. नळकांडे आणि शंकू यांचे पृष्ठभाग उलगडून सपाट करता येतात. चेंडूचा पृष्ठभाग मात्र न ताणता, न फाडता कधीही सपाट होत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये वक्र पृष्ठभागांविषयी जो सिद्धान्त मांडला, त्यावरून हे सिद्ध होते. म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतचे कवच एका तुकड्यातून करता येते. शिरस्त्राण तसे करता येत नाही. त्यासाठी संत्र्याच्या सालीच्या फाकींप्रमाणे वरच्या टोकाकडे निमुळते होत जाणारे तुकडे कापून कडेला कड जोडावे लागतात. फाकी जितक्या अधिक, तितका घुमट अधिक गोल. सहा फाकींचे शिरस्त्राण कंगोरेदार दिसेल, बारा फाकींचे जवळजवळ गुळगुळीत दिसेल.

आता साहित्याकडे वळू. सर्वांत सुलभ साहित्य म्हणजे खोक्यांचा पुठ्ठा. दोन कागदांमध्ये नागमोडी कागद घालून तो तयार केलेला असतो. त्या नागमोडी नळ्या ज्या दिशेने जातात, त्या रेषेला समांतर असा पुठ्ठा सहज वळतो; आडवा वळवू गेल्यास मोडतो. म्हणून तुकडा कापण्यापूर्वी नळ्यांची दिशा पाहावी. पायावरील कवचासाठी त्या घोट्यापासून गुडघ्याकडे जाणाऱ्या असाव्यात, म्हणजे पुठ्ठा पायाभोवती गोल बसतो आणि उभा ताठ राहतो.

पुठ्ठ्याच्या जोडीला कागदाची खळ-लावणी यावी. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवावा, मग एकंदर चार-पाच वाट्या पाणी होईल असे पाहून मंद आचेवर ढवळत शिजवावा. मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की खळ झाली. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. पण ते विषारी असल्यामुळे तोंडाला लागणाऱ्या मुखवट्यासाठी कदापि वापरू नये. वर्तमानपत्राचे कागद कात्रीने न कापता हाताने फाडावेत. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे होतात व ते शेजारच्या कागदात मिसळून जातात. कापलेली कड मात्र वाळल्यावरही रेघ होऊन उमटते. एक थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा तपकिरी कागदाचा द्यावा, म्हणजे कोठे थर द्यावयाचा राहिला ते रंगावरून कळते. पाच-सहा थर पुरेसे होतात. परंतु दर दोन थरांनंतर वस्तू वाळू द्यावी. घाई केल्यास बाहेरचे थर वाळतात, आतला ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. पावसाळ्यात तर याची विशेष काळजी घ्यावी लागते.

साचा घरातच सापडतो. पालथी परात हा ढालीचा उत्तम साचा होय, आणि डोक्याच्या मापाचे गोल बुडाचे भांडे हा शिरस्त्राणाचा. पहिला थर खळीत न भिजविता नुसत्या पाण्यात भिजवून लावावा, म्हणजे काम झाल्यावर भांडे मोकळे होते. कागद वाळताना थोडा आकसतो, म्हणून शिरस्त्राणाचे माप डोक्यापेक्षा बोटभर सैल धरावे; राहिलेली पोकळी कापडाच्या गादीने भरावी. कागद ही कमकुवत वस्तू आहे असे कोणी समजू नये. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, नवव्या शतकात, घड्या घातलेल्या कागदाची चिलखते केल्याची आणि ती बाणांना दाद देत नसल्याची नोंद आहे. एक कागद दुबळा असतो. एकावर एक घट्ट बसलेल्या कागदांची गोष्ट निराळी असते.

अलीकडच्या काळात या कामात फोमने मोठे स्थान मिळविले आहे. ज्या ई.व्ही.ए. फोमचे चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जाड चटया करतात, तोच हा फोम. तो हलका असतो, धारदार सुरीने लोण्यासारखा कापला जातो आणि त्याचा एक गुण फार उपयोगी आहे. गरम हवेने तो मऊ होतो. तशा स्थितीत वाकवून निवेपर्यंत धरून ठेवला की तोच आकार तो कायम ठेवतो. छातीवरील कवचासाठी दहा मिलिमीटर जाडीचा आणि हातांसाठी चार ते सहा मिलिमीटर जाडीचा फोम सोयीचा पडतो. दोन तुकडे काटकोनात जोडावयाचे असतील तर त्यांच्या कडा तिरप्या कापाव्यात. सुतार चौकटीचा कोपरा जोडताना हेच करतो. चांभार चामडे चिकटविण्यासाठी जे रबरी द्रावण वापरतात, तेच येथेही चालते. ते दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मगच कडा एकमेकींवर दाबाव्यात. ओले असताना जोडणारा माणूस घाईने काम बिघडवितो.

या द्रावणाची वाफ आरोग्यास अपायकारक असते, ती ज्वालाग्राहीही असते. हे काम बंद खोलीत करू नये, जवळ दिवा अथवा चूल असू नये आणि शेजारी मोठे माणूस असावे. फोम तापविताना व घासतानाही उघड्या जागी बसावे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. सुरी बोथट झाली तर लगेच पाते बदलावे. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली सुरी निसटते.

वस्तू तयार झाली तरी ती अद्याप पुठ्ठा किंवा फोमच असते. तिला धातू करण्याचे काम रंगाचे आहे. फोम सच्छिद्र असल्यामुळे रंग पितो. म्हणून आधी त्याच्यावर गरम हवा फिरवावी, मग सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्याचे तीन-चार हात द्यावेत. नवशिका माणूस यानंतर सगळीकडे रुपेरी रंग फासतो आणि वस्तू धातूसारखी न दिसता मिठाईवरील वर्खासारखी का दिसते, याचे त्याला आश्चर्य वाटते. घरातील जुने पितळी भांडे नीट न्याहाळले तर याचे उत्तर सापडेल. धातू सर्वत्र सारखा चमकत नाही. हात लागून झिजलेल्या कडा लखलखतात, खोबणीत काळा मळ साठतो, आणि अगदी उजळ व अगदी काळोखे भाग एकमेकांशेजारी येतात. म्हणून आधी सर्व वस्तू काळी रंगवावी. रुपेरी रंगात कुंचला बुडवून तो फडक्याला जवळजवळ कोरडा पुसावा आणि मग हलक्या हाताने पृष्ठभागावर फिरवावा. रंग उंचवट्यांना लागतो, खोलगट भाग काळेच राहतात. कडांवर पुन्हा एकदा तो फिरवावा. खिळ्यांच्या भोवती थोडा तपकिरी रंग लावला की गंजही दिसू लागतो. रंगमंचासाठी ही छायाप्रकाशाची जोड ठळक ठेवावी; जवळून पाहावयाच्या वस्तूत ती मंद असावी.

शस्त्रांच्या बाबतीत एक मर्यादा पाळलीच पाहिजे. तलवारीच्या मध्यभागी बांबूची किंवा लाकडाची बारीक पट्टी घालून तिच्या दोन्ही अंगांना फोम चिकटवावा. पट्टी टोकापर्यंत नेऊ नये; टोक मऊ आणि बोथट असावे. लोखंडी पत्रा वापरू नये. अशी वस्तू रस्त्याने नेताना कापडात गुंडाळून न्यावी. कारण जी नक्कल प्रेक्षागृहात कौतुकाची ठरते, ती रस्त्यावरील अनोळखी माणसाच्या मनात भय उत्पन्न करू शकते. कागद व फोम दोन्ही पेट घेतात, तेव्हा पणत्या आणि मशाली यांपासून हा वेश दूर ठेवावा.

शेवटी चिलखत घालून पाहावयाचे. आरशापुढे उभे राहून समाधान मानू नये. ते घालून चालावे, जिना चढावा, खाली बसावे, हात डोक्यावर न्यावेत, मान दोन्हीकडे वळवावी आणि भाषण मोठ्याने म्हणून पाहावे. श्वास मोकळा येतो का, बाजूचे दिसते का, सहकाऱ्याचे शब्द ऐकू येतात का, हे पाहावे. फोम वारा आत येऊ देत नाही, म्हणून आत सुती कपडा असावा आणि शिरस्त्राणाला हवेसाठी छिद्रे ठेवावीत. पट्टे असे असावेत की, कोणाच्या मदतीवाचून ते चटकन सोडता येतील. यांपैकी एखाद्या परीक्षेत चिलखत उतरले नाही, तर ते दिसण्यास कितीही सुंदर असले तरी पुन्हा हाती घेऊन दुरुस्त केले पाहिजे. स्वतः केलेल्या वस्तूचा मोठा लाभ हाच की, ती दुरुस्त करता येते. कोणता सांधा कोठे आहे हे करणाऱ्याला ठाऊक असते.

आता बाजारात तयार वेश मिळतात आणि यंत्राच्या साहाय्याने शिरस्त्राणे छापूनही घेता येतात. त्या सोयीला दोष देण्याचे कारण नाही. पण जो विद्यार्थी पुठ्ठ्याच्या बारा फाकी कापून, त्या कडेला कड मिळवून घुमट उभा करतो, त्याला गडावरील अथवा संग्रहालयातील एखादे जुने शिरस्त्राण यापुढे निराळे दिसू लागते. कोण्या लोहाराने तापलेला पत्रा ठोकून हा घुमट साधला असेल, कोण्या शिकलगाराने त्याला पाणी दिले असेल, याचा विचार त्याच्या मनात येतो. इतिहासाच्या पुस्तकात राजांची आणि सेनापतींची नावे असतात. त्यांची चिलखते घडविणाऱ्यांची नावे क्वचितच सापडतात. ज्याने स्वतःच्या बोटांना खळ लावून एक कागदी चिलखत केले आहे, त्याला त्या अनामिक कारागिरांची योग्यता कोणी समजावून सांगावी लागत नाही.